कॉलेज निवडताना : एका बँक कर्मचाऱ्याचा हिशेब

(दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला जेव्हा या कार्यक्रमात बोलायला सांगितले तेव्हा मी त्यांना स्पष्ट म्हटले होते, की अहो, मी साधी बी.ए. झालेली बाई, बँकेत काउंटरवर बसणारी लिपिक. मुलांना मार्गदर्शन करायला एखाद्या प्राध्यापकांना बोलवा. त्यावर ते म्हणाले, "ताई, कॉलेज चांगले कोणते ते प्राध्यापक सांगतील. ते आपल्याला झेपेल का, ते तुम्ही सांगा." हे मला पटले, म्हणून मी उभी आहे. तेव्हा माझ्याकडून मोठ्या विद्वत्तेची अपेक्षा कृपया करू नये. मी हिशेब मांडणार आहे.

हिशेब मांडायचा तर आधी आमच्याच घरचा मांडते. त्यासाठी माझ्या थोरल्या भावाची, दादाची परवानगी मी काल रात्री घेतली आहे. तो इथेच मंडपात मागे उभा आहे. आज हे दिवे आणि माईक त्यानेच लावले आहेत. तो म्हणाला, "सांग, पण रडू नकोस." प्रयत्न करते.

१९९५ साली दादा बारावी सायन्सला ८४ टक्के गुणांनी पास झाला. आमचे वडील रेल्वेत खलाशी होते, आम्ही कल्याणला राहत होतो. त्या काळी आमच्या चाळीत ८४ टक्के म्हणजे पेढे वाटायची गोष्ट होती आणि वडिलांनी ते वाटलेही. त्यांनी आपल्या कारखान्यातल्या साहेबांना विचारले. साहेबांनी मुंबईतल्या एका मोठ्या, नावाजलेल्या कॉलेजचे नाव घेतले. दादाला तिथे प्रवेश मिळाला. फी जवळजवळ माफ, कारण शिष्यवृत्ती होती. वडील घरी येऊन आईला म्हणाले, "पोराचं शिक्षण फुकटात होणार." हे वाक्य मी आजही विसरलेले नाही, कारण आमच्या घरात त्याहून महाग वाक्य दुसरे कुणी बोललेले नाही.

कल्याण ते मुंबई हे रेल्वेचे अंतर ५४ किलोमीटर. घरापासून वर्गापर्यंत धरले तर जायला दोन तास, यायला दोन तास. सकाळी साडेपाचला तो घर सोडायचा आणि प्रॅक्टिकल असले की संध्याकाळी साडेसात-आठला परतायचा. कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही. सरकारी वसतिगृहाच्या यादीत नाव लागले नाही. आठवड्याचे सहा दिवस, रोज चार तास, म्हणजे चोवीस तास. आठवड्यातला एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र तो गाडीत उभा असायचा. हे गणित तेव्हा आम्ही कुणीच केले नाही. वडील तर रेल्वेतलेच, त्यांना गाडीचा प्रवास म्हणजे प्रवास वाटायचाच नाही.

पण दादा प्रवासाने मोडला असे म्हणणे पूर्ण खरे नाही. तो म्हणतो, प्रवास मी काढला असता. वर्गात त्याच्याशी बोलणारे कुणी नव्हते. बहुतेक मुले मुंबईतल्याच चार-पाच इंग्रजी शाळांतून आलेली, एकमेकांना आधीपासून ओळखणारी. दादा मराठी माध्यमातला. प्रयोगशाळेत जोड्या लागल्या तेव्हा हा उरला. उरलेल्यांची जोडी लावतात तशी त्याची कुणाशी तरी लागली. एक दिवस वर्गात कुणी कर्मचारी आले आणि म्हणाले, "स्कॉलरशिपवाले उभे राहा." फॉर्मवर सही घ्यायची होती, इतकेच काम. पण त्या दिवसानंतर तो कँटीनला गेला नाही. चहाचे पैसे नव्हते म्हणून नाही. कुणाच्या टेबलावर बसायचे, हा प्रश्न होता.

दिवाळीनंतर त्याने कॉलेजला जाणे सोडले. आम्हाला कळले मार्चमध्ये, हजेरी कमी असल्याचे पत्र आले तेव्हा. मधले चार महिने तो रोज साडेपाचला उठत होता, आई त्याला डबा देत होती आणि तो डबा घेऊन घरातून निघत होता. फलाटावर बसायचा, वाचनालयात बसायचा, डबा खायचा आणि गाडीच्या वेळेला घरी यायचा. वडिलांनी मारले नाही, ओरडलेही नाही. पत्र दोनदा वाचले आणि घडी घालून खिशात ठेवले.

पुढे दादाने आय.टी.आय. केले, इलेक्ट्रिशियन झाला. आज त्याचा स्वतःचा व्यवसाय आहे, त्याच्या हाताखाली चार मुले शिकत आहेत. त्याच्या कष्टाला माझा नमस्कार आहे. पण ज्या मुलाला ८४ टक्के मिळाले होते, तो बुद्धीने कमी पडला नव्हता, हे मला इथे सर्वांसमोर सांगायचे आहे. आमच्या नात्यात अजूनही काही जण म्हणतात, "त्याला झेपलं नाही." झेपले नाही हे खरे. पण काय झेपले नाही, ते कुणी विचारत नाही.

याचा परिणाम असा झाला, की १९९७ साली मी बारावी झाले तेव्हा घरात कुणी कॉलेजचे नाव विचारलेच नाही. मला ६१ टक्के होते. रिक्षाने दहा मिनिटांवर जे कॉलेज होते तिथे माझा आर्ट्सचा अर्ज भरला गेला. ती माझी निवड नव्हती, ती घरच्यांची भीती होती. पण माझे तिथे बरे चालले. आम्ही सहा मुलींचा एक गट होता. वाचनालय संध्याकाळी सातपर्यंत उघडे असायचे. एकीकडे पुस्तक असले की ते सहाही जणींकडे फिरायचे. कुणी आजारी पडली तर तिच्या वाटणीच्या नोट्स कार्बन घालून काढायच्या. स्पर्धा परीक्षांच्या जाहिराती आम्ही वर्तमानपत्रातून कापून एका वहीत चिकटवायचो. २००० साली बी.ए. झाले. पुढची आठ वर्षे शिकवण्या घेतल्या, एका दुकानात हिशेब लिहिला आणि २००८ साली बँकेत लागले. त्या परीक्षेची जाहिरात मला दाखवली ती त्या सहांपैकीच एकीने.

म्हणजे जवळचे कॉलेज चांगले, असे मी म्हणते आहे का? नाही. दुसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजात अर्थशास्त्राची जागा वर्षभर रिकामी होती. आम्ही गाईड पाठ करून पास झालो. इंग्रजीत चार वाक्ये सलग बोलायची वेळ तीन वर्षांत एकदाही आली नाही. त्याची किंमत मी नोकरीत लागल्यावर मोजली. काउंटरवर एखादा ग्राहक फाडफाड इंग्रजी बोलू लागला की मी पेन शोधायचे निमित्त करायची. दादाला अभ्यास मिळाला आणि सोबत मिळाली नाही, मला सोबत मिळाली आणि अभ्यास अर्धाच मिळाला. आणि दोघांच्याही बाबतीत पैशाचा हिशेब चुकला, कारण आमच्या घरात पैसा म्हणजे फक्त फी.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, कॉलेजचे नाव ऐकले की एकच प्रश्न आधी विचारा : तिथे मी शेवटच्या परीक्षेपर्यंत टिकेन का? अभ्यास, माणसे आणि पैसा या तिन्ही गोष्टी त्या एका प्रश्नात येतात.

पैशापासून सुरू करते, कारण तो माझा रोजचा विषय आहे. पहिली गोष्ट, एकाच कॉलेजच्या एकाच इमारतीत दोन प्रकारचे वर्ग भरतात. एक अनुदानित, म्हणजे जिथे प्राध्यापकांचा पगार सरकार देते. आपले नेहमीचे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. बहुधा या प्रकारात असते आणि तिथली फी कमी असते. दुसरे विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित. मॅनेजमेंट, आय.टी., मास मीडिया असे नवे अभ्यासक्रम सहसा त्यात येतात आणि त्यांची फी कितीतरी पट असते. कॉलेज तेच, फाटक तेच, म्हणून फीसुद्धा तीच असेल असे समजून लोक येतात. प्रवेश घेताना अभ्यासक्रम कोणत्या प्रकारातला आहे ते लेखी विचारा. तसेच नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवी तीन वर्षांची घ्यायची की चार वर्षांची ऑनर्स, हा प्रश्नही आला आहे. चौथे वर्ष चांगलेच आहे, पण ते वर्ष म्हणजे आणखी एका वर्षाची फी, पास आणि डबा हे विसरू नका.

फीच्या खाली पुढच्या रकमा लिहा. प्रवास, जेवण, खोलीभाडे आणि त्याची अनामत, पुस्तके, परीक्षा फी, प्रॅक्टिकलचे जर्नल, मोबाईलचा डेटा, सहलीची वर्गणी, गॅदरिंगची वर्गणी. शेवटच्या दोन रकमांना आई-वडील हसतात. हसू नका. पोरगा "मला सहलीला जायचं नाही" म्हणाला, की समजा, त्याने घरचा हिशेब आधीच मनात करून ठेवला आहे.

आता शिष्यवृत्तीबद्दल. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्याहून जास्त असेल तर राज्याची फ्रीशिप, म्हणजे शिक्षण फी आणि परीक्षा फी. अर्ज महाडीबीटी या पोर्टलवर भरायचा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर हा लाभ मिळत नाही. एजंट हे सांगत नाही, म्हणून मी सांगते. आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे असेल तर जात वैधता प्रमाणपत्रासाठी अकरावी-बारावीतच अर्ज करा. जून-जुलैत धावपळ करून ते हाती येत नाही. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कुठल्या गावच्या शाळेत आहे, हे शोधण्यातच दोन सुट्या जातात.

बँकेच्या काउंटरवर मला दरवर्षी दोन प्रकारची रडणारी मुले भेटतात. पहिला प्रकार असा. "मॅडम, माझी स्कॉलरशिप मंजूर दाखवते पण खात्यात पैसे नाहीत." मी तपासते. त्या मुलाने कधीतरी रस्त्यावरच्या छत्रीखाली सिमकार्ड घेताना अंगठा लावून दुसरेच एखादे खाते उघडलेले असते आणि आधार त्या खात्याला जोडले गेलेले असते. सरकारी अनुदान अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधार ज्या खात्याशी शेवटचे जोडले आहे तिथे जाते. तेव्हा प्रवेशाच्या आधी आपापल्या बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडले आहे ते एकदा विचारून घ्या. दोन मिनिटांचे काम आहे.

दुसरा प्रकार जास्त वाईट. २०२१ नंतरच्या नियमानुसार शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात कॉलेजची फीही असते. ती विद्यार्थ्याने कॉलेजात भरायची असते. आता विचार करा, घरात कुणी आजारी आहे, किंवा बहिणीचे लग्न ठरले आहे, आणि मुलाच्या खात्यात एकदम मोठी रक्कम आली. बाप म्हणतो, "सरकारने दिले." पैसे खर्च होतात. वर्षाच्या शेवटी कॉलेज फीसाठी अडून बसते, निकाल अडतो, पुढचा प्रवेश अडतो. मी अशा एका वडिलांना म्हटले होते, "काका, हे पैसे तुमचे नाहीत, मुलाचेही नाहीत, ते कॉलेजचे आहेत. तुमच्या घरून फक्त जात आहेत." ते रागावले. पण दुसऱ्या वर्षी त्यांनी पैसे आले त्याच दिवशी भरले आणि पावती मला दाखवायला आणली.

वसतिगृह मिळाले नाही तर काय? सामाजिक न्याय विभागाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना राहण्या-जेवणासाठी वर्षाला मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार असे अनुदान त्यात ठरवलेले होते. दादाच्या वेळी हे नव्हते. असते तर काय झाले असते, याचा विचार मी करत नाही. पण अर्ज करणाऱ्यांना एक सूचना : हे पैसे हप्त्याने येतात आणि उशिरा येतात. खोलीमालक मात्र पहिल्याच तारखेला येतो. पहिल्या चार-पाच महिन्यांची तजवीज घरून होणार असेल तरच त्या भरवशावर बाहेरगावी जा. नाहीतर आपल्या संस्थेच्या शैक्षणिक निधीकडे जूनमध्येच अर्ज करा, ऑक्टोबरमध्ये नव्हे.

शैक्षणिक कर्जाबद्दल माझ्याकडे सर्वांत जास्त लोक विचारायला येतात. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. साडेसात लाखांपर्यंतही केंद्राच्या पतहमी योजनेमुळे तारण मागितले जात नाही. अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष, एवढी मुदत हप्ता सुरू होण्यापूर्वी मिळते. लोक समजतात, या मुदतीत व्याज नाही. व्याज असते. समजा चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी एक लाख उचलले आणि व्याजाचा दर ९ टक्के धरला. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे व्याज, दुसऱ्यावर चार वर्षांचे, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. सरळ व्याजानेही ते एक लाख सव्वीस हजार होते. म्हणजे हप्ता सुरू होतो त्या दिवशी डोक्यावर पाच लाख सव्वीस हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ६,६६० रुपये. आता तुम्ही ज्या कॉलेजात जाणार आहात तिथून मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांना पहिला पगार किती मिळाला, ते विचारा. जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा नको, वर्गातल्या मधल्या मुलाचा पगार विचारा. त्या पगारातून ६,६६० वजा करून बघा.

कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुदतकाळातले व्याज केंद्र सरकार भरते. पण त्यासाठी संस्था राष्ट्रीय महत्त्वाची तरी असावी लागते, नाहीतर संस्थेला नॅकचे किंवा अभ्यासक्रमाला एन.बी.ए.चे मूल्यांकन असावे लागते. कॉलेजच्या दारावरची नॅकची पाटी पालक शोभेची समजतात. ती तुमच्या व्याजाशी जोडलेली आहे. आणि अभ्यासक्रम मध्येच सोडला तर, आजारपणासारखे कारण वगळता, ही सवलत मिळत नाही. म्हणजे पुन्हा टिकण्याचाच प्रश्न.

आता माणसांकडे येते. 'कॉलेजचे सामाजिक जीवन' असे शब्द उच्चारले की आपल्याकडचे पालक कपाळाला आठ्या घालतात. त्यांना वाटते, कट्ट्यावर बसणे. मी पालकांना विचारते, तुमची मुलगी एक दिवस गैरहजर राहिली तर त्या दिवशीचे तास तिला कोण सांगणार? फॉर्मची शेवटची तारीख बदलली हे तिला कुणाकडून कळणार? शिक्षक अपमान करून बोलले तर ते ती कुणाजवळ बोलेल? हेच सामाजिक जीवन. बाकीचे, म्हणजे एकांकिका, वक्तृत्व स्पर्धा, एन.एस.एस.चे शिबिर, ही या ओळखी होण्याची ठिकाणे आहेत.

बाबासाहेबांच्या शिक्षणाकडे आपण नेहमी कष्टांची गोष्ट म्हणून बघतो. मी एकदा ते हिशेबाच्या अंगाने वाचले. एल्फिन्स्टन कॉलेजात सयाजीराव महाराजांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती होती, १९१२ साली ते बी.ए. झाले. पुढच्या वर्षी बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. तिथे त्यांच्यासोबत राहणारे एक पारशी विद्यार्थी होते, नवल भथेना. १९१६ साली ते लंडनला गेले, पण १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. बाबासाहेबांचे सुद्धा शिक्षण पैशामुळे अडले होते, हे मुलांनी लक्षात घ्यावे. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली आणि पाच हजार रुपये कर्जाऊ दिले ते याच नवल भथेनांनी. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. न्यूयॉर्कमध्ये झालेली ती मैत्री एका पदवीच्या उपयोगी पडली. त्यांनी स्वतः कॉलेजे काढली तेव्हा हे सगळे त्यांच्या मनात असणार, असे मला वाटते. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तिथे सकाळचे वर्ग ठेवले, नोकरी करणाऱ्या मुलांना शिकून कामावर जाता यावे म्हणून. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद सुरू झाले, तिथे नागसेनवनात कॉलेजच्या आवारातच वसतिगृहे उभी राहिली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक मिलिंदच्याच विद्यार्थ्यांनी केले. पुढे 'अस्मितादर्श'सारखे नियतकालिक त्या परिसरातून उभे राहिले. जेवण, झोपायला जागा, वर्ग आणि नाटक, सारे एका आवारात. खेड्यातून आलेला मुलगा तिथे एकटा पडत नसे.

सगळीच कॉलेजे अशी नसतात. म्हणून प्रवेशाआधी ते बघायला जा. पण प्रवेशाच्या गर्दीत नको, शक्य असेल तर आदल्या वर्षीच, एखाद्या साध्या मंगळवारी अकरा वाजता जा. वाचनालयात मुले बसली आहेत की खुर्च्या उलट्या टेबलावर ठेवल्या आहेत, ते दिसेल. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, "तास होतात का? शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावरचे?" तासिका तत्त्वावरचे शिक्षक मन लावून शिकवतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांची नेमणूकच दिवाळीच्या सुमारास झाली तर पहिल्या सत्राचे काय? समान संधी कक्ष कुठे आहे असे शिपायाला विचारा. त्याला खोली माहीत असेल तर तो कक्ष चालू आहे. मुलींनी स्वच्छतागृह बघून यावे, दाराला कडी आहे का, पाणी येते का. यात लाजण्यासारखे काही नाही. मी ओळखते अशा दोन मुली दिवसभर पाणी न पिता कॉलेज करत होत्या.

बघायला जाताना मुलाला एकट्याला पाठवू नका आणि तुम्हीही एकटे जाऊ नका. दोघे जा. वडील फीचा तक्ता बघतील, मुलगा वर्गातली मुले बघेल. दोघांनाही दिसलेले खरे असते.

मोठे कॉलेज घेऊच नका असे माझे म्हणणे नाही. उलट, टक्के असतील, वसतिगृह किंवा खोलीची सोय असेल आणि तिथे आपल्या ओळखीचा एखादा जरी मुलगा पुढच्या वर्गात असेल, तर अवश्य मोठ्या कॉलेजात जा. माझ्या मुलीचा प्रश्न दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा मी तिला दूरच्याच कॉलेजात घातले. घरात वाद झाला. आई म्हणाली, "दादाचं विसरलीस का?" मी म्हटले, "विसरले नाही, म्हणूनच आधी खोली शोधली आणि मग फॉर्म भरला." आपल्याच वस्तीतली एक मुलगी तिथे तिसऱ्या वर्षाला होती, तिच्या खोलीत तिसरी कॉट टाकली. पहिल्या सत्रात माझी मुलगी एका विषयात नापास झाली. फोनवर रडली. पण ती रडताना मागून त्या थोरल्या मुलीचा आवाज आला, "मावशी, काळजी करू नका, ए.टी.के.टी. आहे, मीपण लावली होती." माझ्या दादाला हा आवाज मिळाला नव्हता.

आपल्या संस्थेने यावर काही करावे, असे मी कार्यकारिणीपुढे मांडले होते आणि त्यांनी ते मान्य केले, याबद्दल आभार. आपल्या वस्तीतली कोणती मुले सध्या कोणत्या कॉलेजात, कोणत्या वर्षाला आहेत, याची एक वही आपण विहारात ठेवत आहोत. पाने आखून तयार आहेत. ज्यांची मुले कॉलेजात आहेत त्यांनी आज जाण्यापूर्वी त्यात नाव, कॉलेज आणि वर्ष लिहावे. फोन नंबर मुलांना विचारूनच लिहावा. नवीन मुलांनी ती वही बघूनच फॉर्म भरावा.

प्रवेश संपेपर्यंत दर रविवारी वंदनेनंतर अकरा ते एक मी विहारात बसेन. गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार आणि पासबुक घेऊन या. महाडीबीटीचा अर्ज आपल्या ग्रंथालयातल्या संगणकावर भरता येईल. दादाही येणार आहे. मुंबईला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना कोणती गाडी किती वाजता आणि कुठे जागा मिळते, हे त्याच्याइतके कुणाला माहीत नाही. त्याच्याशी जरूर बोला.